अण्णांवाचून अडणारी कंपनी

बंगळूरबाहेरच्या बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत रबरी वॉशर आणि गॅस्केटं बनवणारा एक छोटा कारखाना आहे. छोटा म्हणजे मालक स्वतः गेटवर उभा राहून ट्रक मागे घ्यायला सांगतो, इतका छोटा. इथे पहिला कॉम्प्युटर आला त्या दिवशी तेव्हाचे मालक हणमंतराव यांनी विचारलं, "याच्याकडे कोण बघणार?" आणि सगळ्या कचेरीनं एकदम खाली बघितलं. स्टोअरमधल्या सूर्यकांतांना खाली बघायला तेवढा उशीर झाला. त्यांचं थोरपण असं सुरू झालं.

सूर्यकांत म्हणजे जे. पी. नगरातलं जुनं मराठी घर. शहाजीराजांच्या काळात आपले पूर्वज बंगळूरला आले असं ते अभिमानानं सांगत. इथे येऊन त्यांनी नक्की काय केलं असं कोणी विचारलं, तर ते पाण्याचा तांब्या उचलत. घरात मराठी, बाहेर कन्नड आणि रागावले की दोन्ही, अशी त्यांची भाषा. कारखान्यात त्यांना सगळे अण्णा म्हणत.

तो पहिला कॉम्प्युटर महिन्याभरात बंद पडला. अण्णांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दार लावलं, बटण बंद केलं, एक स्तोत्र पुटपुटलं आणि बटण चालू केलं. कॉम्प्युटर सुरू झाला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हणमंतरावांच्या डोळ्यांत कौतुक. बटण बंद करून चालू करणं ही विद्या आहे, असं कारखान्यानं त्या दिवशी मान्य केलं. वासरांत लंगडी गाय शहाणी असतेच. इथे तर वासरंही डोळे मिटून उभी होती.

पुढे कॉम्प्युटर वाढले आणि त्या सगळ्यांचा मुख्य म्हणून एक सर्व्हर आला. अण्णांनी त्याला जुन्या स्टोअरमागची खोली दिली, पाटावर बसवलं आणि त्याची मडी सुरू केली. मडी म्हणजे सोवळं. आंघोळ न करता आलेल्यानं त्या खोलीत शिरायचं नाही. आंघोळ करून आलेल्यानंही शिरायचं नाही, कारण त्यानं ती नीट केली असेलच असं नाही. चपला बाहेर. सर्व्हरला हात फक्त अण्णांचा. पासवर्डही फक्त अण्णांना ठाऊक आणि तो कोणी विचारला तर ते अशा नजरेनं बघत, जणू समोरच्यानं त्यांचं जानवं मागितलंय.

आता गंमत अशी की ही सगळी मडी पाळूनही सर्व्हर रोज आजारी असे. आजारी होता म्हणूनच तर अण्णांना मान होता. "अण्णा, अडकलं!" अशी हाक आली की ते लगेच उठत नसत. डबी काढून चिमूटभर सुपारी तोंडात टाकत, मग उठत. "मशीन तापलंय. त्याला स्वल्प विश्रांती पाहिजे," असं निदान करत. सगळी कचेरी स्वल्प थांबे. अण्णा दार लावत, बटण बंद करत, स्तोत्र म्हणत, बटण चालू करत. कॉफी आली की पहिला पेला त्यांच्या टेबलावर जाई.

आणि कचेरी काय करत असे? कचेरी थांबत असे. पण आपण थांबतोय हे ती विसरून गेली होती. हिशेब बघणाऱ्या कृष्णाबाई सकाळी कॉम्प्युटर लावत आणि तो उघडेपर्यंत तसबिरींना फुलं घालून, जावेला फोन करून, कालच्या फुलांचं निर्माल्य झाडाखाली टाकून येत. बिल आधी हातानं लिहीत आणि मग कॉम्प्युटरवर चढवत, कारण मध्येच अडकलं तर हातातलं तरी राहावं. म्हणजे प्रत्येक बिल दोनदा. माल पाठवणारा मकरंद कागद छापायचा तर स्कूटरवरून बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाई. कचेरीतला प्रिंटर अण्णांना विचारल्याशिवाय वापरायचा नाही असा नियम होता आणि अण्णा बहुधा दार लावून आत असत. तिथे गेलाच आहे तर मकरंद अर्धी कॉफी पिऊन, उरलेली अर्धी कोणाला तरी पाजून, चार गोष्टी करून परते. कारखाना नफ्यात का नाही याची चर्चा दर वर्षी होई आणि दर वर्षी दोष रबराच्या भावाला मिळे. रबर बिचारं बोलत नाही.

हणमंतराव गेले. त्यांचा मुलगा श्रीहरी मालक झाला. अण्णांचं निवृत्तीचं वय कधीच उलटलं होतं, पण दर खंडेनवमीच्या आयुधपूजेला, सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू लावून झालं आणि कोहळा फुटला की श्रीहरी सगळ्यांसमोर म्हणे, "अण्णांना आणखी एक वर्ष. त्यांच्यावाचून सिस्टिम अडेल." टाळ्या पडत. त्या एका वाक्यावर अण्णा वर्षभर जगत. पैशाचा प्रश्न नव्हता. त्यांची बायको प्रतिमा सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेली, पेन्शन चांगली. प्रश्न असा होता की घरी त्यांच्यावाचून काहीच अडत नसे. घरचं वायफाय गेलं तर प्रतिमाबाई स्वतः चालू करत आणि अण्णा मदतीला आले तर म्हणत, "तुम्ही बाजूला बसा, शेंगा निवडा." कारखान्यात ज्याच्या खोलीबाहेर लोक चपला काढतात, त्या माणसानं घरी शेंगा निवडायच्या, ही कल्पना त्यांना सहन होत नसे. पुढचं वर्ष मिळालं पाहिजे, एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती.

त्या वर्षी एक एकादशी आडवी आली. एकादशीला अण्णा मठात जात आणि फोन बंद ठेवत. नेमका त्या दिवशी होसकोट्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचा ट्रक माल न्यायला आला आणि नेमका सर्व्हर अडकला. पासवर्ड उपवासाला गेलेला. ट्रक दुपारपर्यंत गेटवर उभा राहिला. गिऱ्हाईक रागावलं नाही, ओरडलं नाही. त्यानं पुढची ऑर्डर शांतपणे दुसरीकडे दिली. श्रीहरीला हे पुष्कळ दिवसांनी, एका लग्नात जेवताना कळलं. तो पानावरून उठला नाही एवढंच.

मग वेदिका आली. ही मूळची पुण्याची. लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळणारी तिची स्वतःची छोटी कंपनी होती. श्रीहरीनं ओळख करून दिली, "या बिघडल्यावर येत नाहीत अण्णा, बिघडू नये म्हणून आधीच बघतात."

"बिघडलं नाही तर मग कशाला बोलवायचं?" अण्णांनी विचारलं. प्रश्न त्यांच्या दृष्टीनं बिनतोड होता.

वेदिका आठवडाभर प्रत्येकाच्या शेजारी नुसती बसली. "कॉम्प्युटर स्लो आहे म्हणून थांबावं लागतं का?" असं ती विचारी, आणि कृष्णाबाई म्हणत, "छे गं. मी कुठे थांबते? मी फुलं घालते." मकरंद म्हणाला, "थांबायचं कशाला? मी झेरॉक्सला जातो की." सगळ्या कचेरीत थांबणारा माणूस एकही सापडला नाही. मग ती अण्णांच्या दाराशी आली.

"काका, हा सर्व्हर लास्ट अपडेट कधी केला होता?"

अण्णांना काका हा शब्दच आवडला नाही. "अपडेट केलं की बिघडतंय. म्हणून केलंच नाही."

"आणि बॅकअप?"

"मी आहे की," अण्णा म्हणाले.

वेदिकेनं एक मोठा श्वास घेतला आणि आत पाऊल टाकलं. बूट घालून. अण्णांनी डोळे मिटले. सर्व्हर फुटला नाही, छत कोसळलं नाही. ही गोष्ट त्यांना फार दिवस खटकत राहिली.

शनिवारी श्रीहरीनं सगळ्यांना बसवलं आणि वेदिकेला काय दिसलं ते सांगायला सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्यात महत्त्वाचं सांगते. हे पूर्ण ऑफिस एकाच माणसावर चालतंय. सूर्यकांत काका. ते नसले तर बिल नाही, डिस्पॅच नाही, काहीच नाही."

मकरंदनं टाळी वाजवली. कृष्णाबाईंनी वाजवली. सगळ्यांनीच वाजवली. अण्णांनी मान खाली घातली, मोठी माणसं स्तुती ऐकताना घालतात तशी. श्रीहरी उठून उभा राहिला. "बाबा अगदी हेच म्हणायचे," तो म्हणाला.

वेदिका गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिली. "सर, म्हणजे हा धोका आहे," ती म्हणाली.

"तोच तर," श्रीहरी म्हणाला. "म्हणून तर आम्ही अण्णांना सोडत नाही."

कॉफी आली. पहिला पेला अण्णांना गेला. वेदिकेनं शहाणपण केलं आणि पुढे काही समजावलं नाही. श्रीहरीकडून कामाला होकार घेतला आणि निघाली. संध्याकाळी अण्णा म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन घरी पोचले आणि प्रतिमाबाईंना शब्दन् शब्द सांगितला. पुण्याची शिकलेली मुलगी, तपासायला आली आणि तिलासुद्धा कबूल करावं लागलं.

प्रतिमाबाई ऐकत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगितलं, सगळं रक्त एकाच नसेतून वाहतंय, तर घरचे मिठाई वाटतात का?"

"तुला माझं कधी बरं बघवलंय?" अण्णा म्हणाले आणि एकटेच म्हैसूरपाक खात बसले.

तीन रविवार वेदिकेची माणसं येत राहिली. शेवटच्या रविवारनंतर अण्णा सोमवारी आले, तर पाटावर सर्व्हर नव्हता. कारखान्याचा सगळा हिशेब दूर कुठल्याशा मोठ्या केंद्रात गेला होता आणि पाटावर उरली होती दिवे लुकलुकणारी इंटरनेटची एक चपटी डबी. देवाची मूर्ती नेली आणि पुजाऱ्याला निरांजन ठेवलं, असा तो प्रकार होता. प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड मिळाला होता. मकरंदलासुद्धा.

सगळ्यात आधी तक्रार केली ती कृष्णाबाईंनी. "बटण दाबलं की उघडतंय हो. मी फुलं कधी घालू?" पण चार दिवसांत त्या फुलं घरूनच घालून येऊ लागल्या, बिल एकदाच करू लागल्या आणि संध्याकाळी पाचच्या बसनं घरी जाऊ लागल्या. नातवाला शिकवणीहून आणायला मिळतं म्हणून हरखल्या होत्या. मकरंदचे कागद जागेवर छापून येऊ लागले. झेरॉक्सवाल्यानं त्याची चौकशी केल्याचं कळलं. होसकोट्याचं गिऱ्हाईकसुद्धा परत आलं. कारखाना धावू लागला आणि रबराचा भाव तोच होता.

अण्णांना कोणी हाक मारेना. पहिल्या आठवड्यात त्यांनी ही वादळापूर्वीची शांतता आहे असं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात ते टेबलाटेबलाशी जाऊन विचारू लागले, "सगळं सरी, ठीक आहे ना?"

"सरी आहे अण्णा," कृष्णाबाई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणत.

"कुठे अडकत वगैरे नाही ना?"

"नाही हो अण्णा. देवाची कृपा."

कृपा कोणाची, हे सांगायला त्यांना जीभ उचलवेना. कधी काळी एखादा कॉम्प्युटर कुरकुरायला लागलाच, तर तो वापरणाऱ्याला कळण्याआधी वेदिकेला तिच्या कचेरीत कळे आणि तिथूनच ती तो बरा करी. रोगी विव्हळायच्या आत औषध घेऊन मोकळा. असा वैद्य कोणाच्या लक्षात राहतो? वेदिकेचंही नाव कोणी काढत नसे, पण तिला त्याचं काही नव्हतं. अण्णांना होतं. गरज सरो, वैद्य मरो, असं ते स्वतःशी म्हणत. कॉफीचा पहिला पेला आता जो जवळ असेल त्याला जाऊ लागला होता.

आयुधपूजा चार दिवसांवर आली आणि श्रीहरी पुढच्या वर्षाविषयी चकार शब्द काढेना. एरवी तो आधीच हळूच विचारी, "अण्णा, तब्येत बरी आहे ना? आणखी एक वर्ष रेटू." यंदा तो भेटला की हसून पुढे जाई. अण्णांना झोप लागेना. यंदा आपलं नाव घेतलं नाही तर पूजेच्या दुसऱ्या दिवसापासून शेंगा, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्यांनी ठरवलं. एकदा, फक्त एकदा काहीतरी अडायला पाहिजे.

सकाळची कामाची घाई ऐन रंगात आलेली बघून ते आपल्या खोलीत गेले, चपला बाहेर काढल्या, दार लावलं आणि डबीतली इंटरनेटची वायर काढली. मग खुर्चीवर बसले. सुपारीची डबी काढली, पण तोंडात काही टाकलं नाही. हाक आल्यावर टाकायची होती. बाहेरून आता आरडाओरडा होईल म्हणून त्यांनी कान टवकारले. कृष्णाबाईंच्या बोटांचा टकटक आवाज येत होता. मकरंदचा प्रिंटर कागद बाहेर टाकत होता. कोणीतरी हसलं. वेदिकेनं दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घेऊन ठेवल्या होत्या, एक गेली तर दुसरी आपोआप लागत होती, आणि हे तिनं सगळ्यांना समजावलं तेव्हा अण्णा मानानं शेवटच्या रांगेत बसून ऐकत नव्हते.

फोन वाजला तो त्यांच्याच खिशातला.

"काका, वेदिका बोलतेय. तुमच्याकडची मेन लाइन डाऊन दिसतेय. तुमच्या रूममधली केबल निघालीय का, जरा बघता?"

अण्णांनी हातातल्या वायरीकडे बघितलं. "उंदीर असेल," ते म्हणाले.

"उंदीर?"

"बोम्मसंद्र्यात मोठे असतात."

"केबल कुरतडलीय की नुसतीच निघालीय?"

"नुसतीच निघालीय."

"काका, त्या केबलला क्लिप असते. ती बोटानं दाबल्याशिवाय निघत नाही."

अण्णा काही बोलणार तोच दार उघडलं. लाइन गेल्याची सूचना श्रीहरीच्याही फोनवर गेली होती आणि तो काय झालंय ते बघायला आला होता. त्याला खुर्चीवर बसलेले अण्णा दिसले, त्यांच्या एका हातात वायर दिसली आणि दुसऱ्या हातात फोन. त्यानं अण्णांच्या हातातला फोन अलगद घेतला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला.

"वेदिका, उंदीरच आहे," तो म्हणाला. "मी बघितला. कारण लिहायचं असेल तिथे उंदीर लिहा."

मग तो अण्णांसमोर खाली उकिडवा बसला, लहानपणी वडिलांबरोबर कारखान्यात आला की बसत असे तसा. "अण्णा, एवढं मनाला कशाला लावून घेता? तुमचं पुढचं वर्ष नक्की आहे. दर वर्षीचं नक्की आहे. बाबांनी मला सांगितलंय, अण्णांना कधी जा म्हणायचं नाही. काम असो नसो. सकाळी यायचं, कॉफी घ्यायची, पेपर वाचायचा. सुम्ने, नुसतं बसायचं."

अण्णांना जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. एक वर्ष नव्हे, मरेपर्यंतची वर्षं. आणि त्यांना इतकी लाज वाटली, की आयुष्यात कधी वाटली नव्हती. श्रीहरी चांगला मुलगा होता, मनापासून बोलत होता, आणि त्याच्या त्या चांगुलपणात सूर्यकांत नावाचा माणूस कुठेच नव्हता. बापाला दिलेला शब्द होता, एक रिकामी खुर्ची होती आणि एक उंदीर होता. घरी निदान शेंगा तरी निवडायच्या असतात, त्या कोणाला तरी लागतात.

ते फोनकडे वाकले. "वेदिका, उंदीर लिहू नको. वायर मी काढली. सूर्यकांत लिही."

"काका, अहो असू दे. त्यानं काही फरक पडत नाही."

"पडतोय. या कंपनीत काही अडलं की लोकांच्या तोंडी पहिलं माझं नाव यायचं. आज अडलं नाही, पण निदान बिघडलंय तर खरं. ते उंदराच्या नावावर कशाला जाऊ देऊ?" मग ते श्रीहरीकडे न बघता म्हणाले, "आणि पुढचं वर्ष नको रे. आयुधपूजेला नुसता येईन, प्रसादाला."

श्रीहरी जवळ सरकला. त्यानं अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. अण्णांनी वायर डबीत घातली. क्लिपचा बारीक आवाज झाला आणि डबीवरचा दिवा हिरवा झाला.

"आली लाइन, काका," वेदिका म्हणाली. तिच्या टायपिंगचा आवाज ऐकू येत होता.

"लिहिलंस?"

"लिहिलं. कारण, सूर्यकांत."

"आणि पुढे काय लिहितात?"

वेदिका अडखळली. "पुढे एक खूण करावी लागते, काका. कारण कायमचं दूर झालं, अशी. ती केल्याशिवाय तक्रार बंद होत नाही."

बाहेर प्रिंटर चालूच होता.

"कर," अण्णा म्हणाले.